सिनेमातला भाऊ

ताईनं कोर्टात सख्ख्या भावाविरुद्ध साक्ष दिली होती. शेजारच्या शिंप्यानं त्याच्या गुंडगिरीची तक्रार केली, म्हणून भावानं त्याला भरदिवसा भोसकून मारलं. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे भाऊ तुरुंगातच वारला.

त्याच्यावर आधी कादंबरी आली. तिच्यात ताई होती आणि शिंपीही होता तसाच, सरळमार्गी. मग कादंबरीवरून सिनेमा निघाला. त्यातला शिंपी भावाच्या आईवर वाईट नजर ठेवणारा, भाऊ आईच्या अब्रूसाठी सुरा उचलणारा, आणि बहीण तर नव्हतीच. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

आईनं सिनेमा तीनदा पाहिला. इतकी वर्षं खालमानेनं चालणारी आई बाजारात ताठ मानेनं जाऊ लागली.

एका सकाळी ताई आईची वेणी घालत होती.

“तो शिंपी माझ्याकडे कसा बघायचा, ते तुला ठाऊक होतं ना?” आईनं विचारलं.

“आई, तो तुला जन्मभर वहिनी म्हणत आला. तुझ्या आजारपणात डबा त्याच्याच घरून यायचा.”

“मग माझं पोर काय उगाच खुनी झालं? तू खोटं बोललीस कोर्टात.”

आईनं अर्धी वेणी ताईच्या हातातून सोडवून घेतली.

त्याच आठवड्यात शिंप्याच्या बायकोनं घर सोडलं. येणारेजाणारे दारावर थुंकत होते. शिवणयंत्र टेम्पोत चढवायला ताई एकटीच गेली. आई खिडकीतून बघत होती.