माझा लिलाव झाला ती सकाळ

मित्रांनो, मी एक जुनं घर आहे. खाली दोन खोल्या, वर एक, मागे मोरी आणि पुढे चार पायऱ्या. घरं म्हणजे धीराची, असं तुम्हाला वाटत असेल, तर माझ्यापुरता तो समज सोडून द्या. माझा स्वभाव पहिल्यापासून भित्रा आहे. माझ्या भिंती अर्ध्या झाल्या होत्या, तेव्हा गवंडी दुपारी जेवायला निघून जायचा. उघड्यावर एकट्यानं उभं राहताना मला धडकी भरायची. हा परत आलाच नाही तर?

तो आला, आणि माझं काम पुरं झालं. मला बांधून घेणारे एक कंपाउंडर होते. दिवसभर दवाखान्यात पुड्या बांधायच्या आणि घरी आल्यावर माझ्या बिजागऱ्यांना तेल घालायचं, हा त्यांचा छंद. त्यांच्या बायकोनं गवंड्याशी भांडून स्वयंपाकघराची खिडकी मोठी करून घेतली होती. आलेगेले म्हणायचे, घर कसं हवेशीर आहे. मला तेवढं ऐकलं की पुरे व्हायचं.

पुढे बाई गेल्या, मग कंपाउंडर गेले. मूलबाळ नव्हतं. पुतणे लांबलांबच्या गावांत राहणारे. मला कुलूप लागलं. कौलं सरकली, आढ्यावर कबुतरं आली आणि उंदरांनी खालच्या खोल्या आपसांत वाटून घेतल्या. पुतण्यांचं मात्र माझ्या वाटणीवर एकमत होईना. शेवटी त्यांनी मला लिलावात काढायचं ठरवलं. तशी पाटी माझ्याच दारावर खिळा ठोकून लावली. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला.

लिलाव माझ्या पुढच्या खोलीत होता. सकाळी दार उघडलं आणि माणसं आत शिरली. इतकी परकी पावलं एकदम अंगावर आली की मला काही सुचेना.

एक गृहस्थ प्रत्येक भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावायचे आणि डॉक्टरसारखी मान हलवायचे. आजार काय ते मात्र सांगायचे नाहीत. शेजारीण फक्त माझं स्वयंपाकघर बघायला आली होती. आपलं मोठं आहे याची खात्री पटल्यावर ती समाधानानं घरी गेली. एक म्हातारबुवा घडीची खुर्ची घेऊन आले होते. ते म्हणे प्रत्येक लिलावाला जातात, घेत काहीच नाहीत, आणि मागचं घर कसं मातीमोलानं गेलं ते शेजारी बसलेल्याला ऐकवतात. तरुण जोडपी तर बोली लागायच्या आधीच कपाट कुठे ठेवायचं यावरून रुसत होती.

यांतल्या कुणाची मला फारशी भीती वाटली नाही. भीती वाटली ती पाडकामाच्या ठेकेदाराची. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. तो बुटाच्या टाचेनं माझ्या पायरीजवळची जमीन उकरून बघत होता. मग त्यानं थोरल्या पुतण्याला विचारलं, गल्लीत ट्रक शिरतो का? राहायला येणाऱ्याला सामानापुरता टेम्पो पुरतो. ट्रक लागतो तो राडारोडा न्यायला.

अशा लोकांची एक रीत असते. जी जागा मनात भरली असेल, तिलाच चारचौघांत नावं ठेवायची, म्हणजे बाकीचे कचरतात. ठेकेदार खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि सुरू झाला. पाया खचलाय, वाशांना वाळवी लागलीय, हे घर म्हणजे नुसता डोलारा आहे. भिंतीला टेकलेली माणसं लगेच बाजूला झाली. कपाटाची भांडणं थांबली. मित्रांनो, खरं सांगायचं तर माझाही त्यावर विश्वास बसला. पाया खचलेला असेलही, मला वाकून थोडाच बघता येतो?

एक बाई तेवढी जागची हलली नाही. ती शाळेची बस चालवायची. नवरा चष्म्याच्या दुकानात नोकरीला होता. भाड्याच्या खोल्या बदलून दोघं जेरीला आले होते, हे त्यांच्या कुजबुजीतून मला कळलं. आताच्या मालकानंही खोली सोडायला सांगितली होती. गळतं ते नेमकं कुठे, एवढंच तिनं पुतण्याला विचारलं आणि वर जाऊन बघून आली.

बोली सुरू झाली. ठेकेदारानं मान हलवून पहिली बोली लावली. बाईनं हात वर केला आणि पटकन खाली घेतला. ठेकेदारानं बोली चढवली. तिनंही चढवली. नवऱ्यानं तिचा पदर ओढला, आमच्याकडे याच्यापुढे नाही, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. ठेकेदार हसला आणि पुन्हा मान हलवणार, एवढ्यात मागून त्याच्या भाऊजींनी त्याचा दंड धरला.

हे त्याच्या बहिणीचे यजमान. निम्मे पैसे त्यांचे होते आणि लिलावाला ते पहिल्यांदाच आले होते.

"थांबा जरा," ते म्हणाले. "पाया खचलाय ना?"

ठेकेदारानं त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, की भाऊजी, तसं म्हणायचं असतं, घर ठणठणीत आहे.

"मग आत्ता खरं बोलताय हे कशावरून?"

आता ठेकेदाराची पंचाईत झाली. घर चांगलं आहे असं मोठ्यानं म्हणावं, तर खोलीतले निम्मे हात वर जाणार. बरं, भाऊजींना चारचौघांत गप्प बसवावं, तर बहिणीला तोंड कसं दाखवणार? पुकारणारा म्हणाला, एकवार. शेवटची बोली बाईची होती. दोनवार. भीतीनं माझ्या छतातून चिमूटभर माती सुटली आणि नेमकी भाऊजींच्या खांद्यावर पडली. त्यांनी ती झटकली, आधी वर बघितलं, मग मेहुण्याकडे बघितलं, आणि दंड आणखी घट्ट धरला.

तीनवार.

सगळे गेल्यावर ती बाई स्वयंपाकघरात आली आणि भिंतीपाशी जमिनीवरच बसली. नवरा तिच्याशेजारी बसला.

"अहो," ती म्हणाली, "पाया खरंच खचलेला असला तर? आपल्याला आता परत जायला जागा नाही."

त्यानं तिचा हात हातात घेतला.

मित्रांनो, तुमच्या घराला तडा दिसला तर तो भरा. कौल सरकलं तर वर चढून नीट करा. आणि घराला त्याच्या तोंडावर नावं ठेवू नका, कारण ते बिचारं सगळं खरं मानतं. सकाळपासून इतकी माणसं बघितली, पण माझ्याहून घाबरलेलं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं. भीती मलाही वाटत होती, पण ती आता मागे ठेवणं भाग होतं. बाईनं डोळे मिटले आणि पाठीचा सगळा भार भिंतीवर टाकला. माझी एक वीटही हलली नाही.