आधी मेन बंद

"कोपऱ्यात नको, मधे उभी राहा," असं मी म्हणत होते तोवर दार लागलं. माझं वाक्य लेकीला अर्धंच ऐकू गेलं असणार.

लिफ्ट खाली सरकली आणि हातभर जाते न जाते तोच खट्‌कन थांबली. आतून मुलांच्या हसण्याचा आवाज आला. त्यात माझ्या मुलीचं हसू आहे का, हे मी कान देऊन ऐकत राहिले. मला ते सापडेना.

"थांबवली, सर," आतून धाकट्या इंजिनीअरबाई म्हणाल्या. आतलं लाल बटण दाबून लिफ्ट मुद्दाम अडकवायची, असं आधीच ठरलं होतं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर, पंपाच्या खोलीला लागून, वस्तीतल्या इंजिनीअर मंडळींचा क्लब आहे. बहुतेक सगळे निवृत्त; धाकट्या इंजिनीअरबाई तेवढ्या तरुण, काकांच्या हाताखाली शिकलेल्या. आठवडाभर आपसात वाद घालतात आणि रविवारी सकाळी लोकांना शिकवतात. फ्यूज का उडतो, गॅसचा वास आला तर आधी काय करायचं, गच्चीवरची टाकी कशी तपासायची. आजचा धडा होता अडकलेल्या लिफ्टचा, आणि शिकवणारे होते लिफ्टकाका, म्हणजे इंजिनीअरबाईंचे सर.

काकांची सगळी नोकरी लिफ्टच्या कंपनीत गेली. "जन्मभर वर-खाली केलं, पुढे कुठे गेलोच नाही," असं ते स्वतःच सांगायचे आणि आपणच आधी हसायचे. इमारतीत कुणाचीही लिफ्ट अडकली की कंपनीच्या माणसाआधी काकांना हाक जायची. काकूंची तक्रार अशी, की घरातला बल्ब बदलायला यांना महिना लागतो, पण लिफ्ट म्हटलं की जेवणाच्या ताटावरून उठतात.

माझी लेक मागे एकदा लिफ्टमध्ये अडकली होती. फार वेळ नव्हे, पण तेव्हापासून ती पाच मजले चढून यायची, आणि तिच्यामागे मी. नवरा म्हणायचा, "तिची भीती जाईल गं, तुझी कोण घालवणार?" काकांनी तिला वर्गात पुढे बसवलं, प्रश्न विचारले, आणि आज ती आपण होऊन आत गेली. मला नाही म्हणता आलं नाही.

"वहिनी, जरा श्वास घ्या," शेजारचे नाना म्हणाले. "तुमच्याकडे बघून आम्हाला गुदमरायला होतंय."

सातव्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर, आम्ही दहा-बाराजण दाटीवाटीने उभे होतो. काका आमच्याकडे वळले. "आता सांगा, पहिलं काय करायचं?"

"आधी मेन बंद," सगळे शाळेतल्यासारखे म्हणाले.

"का? दार उघडं असताना लिफ्ट हलू नये, अशी सोय असते की."

"सोयीवर जीव टांगायचा नाही."

"शाब्बास. या जुन्या लिफ्टचं सगळं एकाच खटक्यावर आहे. मेन बंद केलं की आत अंधार होणार. मुलांना सांगून ठेवलंय." असं म्हणून ते जिना चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. गेल्या रविवारी तिथलीही गंमत त्यांनी सांगितली होती. आमच्या इमारतीत लिफ्ट दोन, शेजारी शेजारी. वर खोलीत शिरलं की आपलं तोंड उलट दिशेला होतं, त्यामुळे खालची डावी लिफ्ट वर उजवीकडे येते. नवा माणूस हमखास तिथे फसतो.

मी दाराकडे बघत होते. दारावर मजल्याचा लाल आकडा असतो. शेजारच्या लिफ्टवरचा आकडा टप्‌कन विझला. मी तो विझताना बघितला, आणि खरं सांगते, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मेन बंद झालं, एवढंच डोक्यात आलं.

काका खाली आले. दारावर तळहात टेकवला, तिकोनी किल्ली वरच्या भोकात घालून फिरवली आणि दार सरकवलं. लिफ्टची जमीन आमच्या जमिनीहून हातभर खाली. आत धाकट्या इंजिनीअरबाई, त्यांच्या भोवती चार मुलं, आणि सगळ्यांत पुढे माझी लेक. ती हसत होती. तिने दोन्ही हात वर केले.

मला तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता. आत दिवा होता.

मी वर बघितलं. आमच्या लिफ्टवर सात हा आकडा लालभडक जळत होता.

आता हे बोलायचं कसं? समोर चाळीस वर्षं हेच काम केलेला माणूस, आणि मी कोण, तर गॅस बंद केलाय का हे बघायला अर्ध्या वाटेतून घरी परत येणारी बाई. असेल काहीतरी, बॅटरी असेल, असं मनात आलं. काका गुडघ्यावर बसून हात पुढे करत होते. लेक निम्मी आत, निम्मी बाहेर असताना ही पेटी खाली सरकली तर, एवढा एकच विचार मला पुरला. माझा आवाज मलाच परका वाटला.

"काका, आकडा."

त्यांनी वर बघितलं. मग शेजारच्या विझलेल्या आकड्याकडे. मग पुन्हा आमच्या. त्यांचा चेहरा मी त्याआधी असा कधी पाहिला नव्हता आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. घरचा रस्ता चुकलेल्या माणसासारखा.

"मागे हो, बेटा. मागे. कुणी बटणाला हात लावू नका," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. माझ्या लेकीच्या तोंडावर.

"अहो, काय करताय?" मी त्यांचा दंड धरला.

"दार उघडं ठेवायचं नाही," ते म्हणाले. हळूच दंड सोडवून घेऊन पुन्हा जिना चढायला लागले. या वेळी कठडा धरून.

मी दाराला गाल लावून उभी राहिले.

"आई, आम्हाला का नाही काढलं?"

"काढणारच आहेत. काका वर गेलेत."

"पुन्हा?"

"पुन्हा."

आणि मग आतून तिचा बारीक आवाज आला, "आई, अंधार झाला."

पोटच्या पोरीला अंधारात कोंडलेलं ऐकून कुठल्या आईला बरं वाटेल? मला वाटलं. मी म्हणत होते, "झाला ना? छान झाला. तसाच राहू दे."

मुलं एकेक करून बाहेर आली. लेकीला मी असं आवळलं की ती म्हणाली, "दुखतंय." धाकट्या इंजिनीअरबाई शेवटी वर चढल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दिवा गेला नाही, ते मला दिसलं होतं, सर," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मुलं घाबरू नयेत म्हणून तुम्हीच काही केलं असेल."

"मग विचारलं का नाहीस?"

ज्यांच्याकडून शिकलो त्यांना कोण विचारतं?

"चालायचंच, काका," नाना म्हणाले. "कुणाला काही झालं तर नाही ना?"

"नाही झालं. त्यात माझा काही हात नाही." काका आमच्याकडे वळले. "बसा सगळे. पायऱ्यांवर बसा. धडा अजून संपलेला नाही."

आणि त्यांनी आपली चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत शिकवली. खोलीत शिरताना आपण काय मनात धरलं, कुठला खटका ओढला, खाली येऊन काय बघायला हवं होतं आणि बघितलं नाही. आवाज चढवला नाही, की पाडला नाही. फक्त एकदा, "डावं म्हणजे वर उजवं," असं सांगताना ते थांबले, स्वतःच्या दोन्ही हातांकडे पाहिलं, आणि त्या थांबण्याने मला पुन्हा घाम फुटला. हा डाव्या-उजव्याचा गोंधळ आजचाच नव्हता, हे मला कळलं. त्यांना आधीच कळलेलं होतं.

शेवटी त्यांनी तिकोनी किल्ली धाकट्या इंजिनीअरबाईंच्या हातात ठेवली.

"असू द्या हो, सर. एकदा होतं असं."

"ठेव. पुढच्या रविवारी उरलेली मुलं आहेत."

पुढच्या रविवारी लेक म्हणाली, मी उरलेल्यांना सोबत म्हणून पुन्हा आत जाणार. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि या वेळी विनोद केला नाही. "मी येऊ?" एवढंच विचारलं. मी नको म्हटलं.

सातव्या मजल्यावर पालकांसाठी भिंतीलगत एक बाक आणून ठेवला होता. त्यावर काका बसलेले होते. इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. धाकट्या इंजिनीअरबाई वर जाऊन आल्या. या वेळी आत क्लबचे दुसरे एक इंजिनीअर होते. दार अजून बंद होतं. माझ्या पायांनी मला सवयीने बाकाकडे नेलं.

"काका, बंद झालंय ना नक्की?"

त्यांनी मान वर केली. उत्तर त्यांच्या ओठांवर आलं होतं, ते मी पाहिलं. मग त्यांनी ते गिळलं.

"मला नका विचारू," ते म्हणाले. "तिला विचारा. सगळ्यांसमोर विचारा."

मी जाऊन विचारलं. इंजिनीअरबाईंनी दोन्ही दारांवरचे आकडे दाखवले, आमचा विझलेला आणि शेजारचा जळता, आणि बाहेरच्या मुलांनाही बघायला लावले. मी परत आले तेव्हा काका बाकावर थोडे सरकले होते, माझ्यासाठी जागा करून. मी बसले. आत माझी लेक कुणाला तरी मोठ्याने सांगत होती, "कोपऱ्यात नको, मधे उभी राहा." काका दाराकडे बघत होते, आणि मांडीवरची त्यांची बोटं माझ्या बोटांसारखीच एकमेकांत घट्ट अडकलेली होती.