चनबसप्पांच्या हातातली पाण्याची चावी

मी एक जुनी चावी आहे. मित्रांनो, कुलपाची नव्हे, पाण्याची. माणसाच्या छातीएवढी उंच आणि लोखंडी. रस्त्याखालच्या व्हॉल्व्हला लावून मला फिरवलं, की सोलापूरच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीत पाणी सुटतं.

एका लोहाराने मला घडवलं. पुढे बावीस वर्षं मी चनबसप्पांच्या हातात होते. माझा दांडा थरथरला, की खालच्या पाइपात पाणी किती नि हवा किती, हे ते ओळखायचे. बायका म्हणायच्या, "चनबसप्पा हाय म्हणून घागर भरतीया."

मग पाणीपुरवठा कार्यालयात ठरलं, तीन दिवसांआड येणारं पाणी सहा दिवसांआड सोडायचं. चनबसप्पा मला घेऊनच बैठकीत शिरले.

"साहेब, नाल्याजवळचा पाइप सडलाय. लई दिस रिकामा ऱ्हायला, की घाण आत वढतोय. आदी पाइप बदला की."

साहेबांनी नकाशा पाहिला. "नोंदीत पाइप चांगला आहे. तुम्ही फक्त चावी फिरवा."

"नोंदीत हाय, जमिनीत न्हाय, साहेब!"

कुणी ते लिहून घेतलं नाही.

पहिल्याच खेपेला पाणी काळं आलं. ते नाल्यात सोडून देऊन मगच चनबसप्पांनी वस्तीला पाणी दिलं. दर खेपेला तसंच केलं. टंचाईत पाणी वाया घालवलं म्हणून त्यांची बदली झाली. मला त्यांच्या जागी आलेल्या बिरुदेवच्या हाती देताना त्यांनी कळवळून सांगितलं, "पयलं पाणी सोडून दे, बाबा." पण तसं करायला लेखी मनाई आली होती.

बिरुदेवने मला फिरवलं. दांडा थरथरला. मला कळत होतं, मित्रांनो, पण ओरडायला तोंड नव्हतं! माझ्याच फेऱ्यांनी ते पाणी घराघरांत गेलं.

चार दिवसांत अकरा मुलं उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात गेली. दहा परतली. सुंदरम्मांची नात काव्या परतली नाही. ती सहा वर्षांची होती.

चनबसप्पा धावत आले. सुंदरम्मा दारात बसल्या होत्या. "तुला म्हाईत हुतं नव्हं? मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की, अक्का... सांगितलं," म्हणत ते रस्त्यातच मटकन बसले.

नंतर रस्ता खोदला. पाइपाला बोट जाईल एवढी भोकं होती. तेवढा तुकडा बदलला. अहवालावर नऊ सह्या झाल्या. चनबसप्पांना कुणी बोलावलंसुद्धा नाही. पलीकडच्या गल्लीतला पाइपही तसाच सडलाय, हे त्यांना ठाऊक होतं; पण कुणी विचारलंच नाही.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. उद्या तुम्ही मोठे होऊन नकाशासमोर बसलात, तर चावी फिरवणाऱ्याला आधी विचारा, आणि तो सांगेल ते लिहून घ्या. तोवर मी काय करू? पलीकडच्या गल्लीला उद्या सकाळी पाणी सुटणार आहे, आणि मला फिरावंच लागेल.