कानपूरचं उत्तर

मुलाणीबाई शाळेत पोचल्या तेव्हा घंटा होऊन अर्धा तास झाला होता. विट्याहून निघालेली एस्टी ओढ्याच्या अलीकडेच बंद पडली आणि उरलेले दोन मैल त्यांना फुफाट्यातून चालत यावं लागलं. डोकं ठणकत होतं. टेबलावर पोस्टमननं ठेवलेली चार कार्डं बघून चौथीच्या वर्गात गलका चालला होता. बाईंनी फक्त पत्ते पाहिले आणि ज्याची त्याला कार्डं वाटून टाकली.

एरवी त्या असं करत नसत. आलेलं प्रत्येक पत्र आधी स्वतः वाचत, मग मुलाच्या हातात देत. त्या दिवशी तेवढं त्राण उरलं नव्हतं.

पत्रांचा हा उद्योग त्यांनीच काढलेला. श्रावणात भूगोल शिकवताना एका पोरानं विचारलं होतं, “बाई, कलकत्ता मिरजंच्या पल्याड हाय का?” त्याचा बाप आठ वर्षं कलकत्त्यात सोनं गाळत होता. गावातल्या निम्म्या घरांतली कर्ती माणसं अशीच लांबलांबच्या शहरांत सोनं-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, दुकानांवर होती. मद्रास, कटक, कानपूर ही नावं पोरांच्या तोंडात होती, पण ती कुठल्या दिशेला आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी भिंतीवरचा नकाशा गुंडाळून ठेवला आणि शाळेमागच्या अंगणात पोरांकडूनच मातीचा भारत करून घेतला. उत्तर-दक्षिण सोळा विती लांब. एक वीत म्हणजे दोनशे किलोमीटर. ज्याचं माणूस जिथं असेल तिथं त्यानं पांढरा खडा ठेवायचा, आणि त्या माणसाला पत्र लिहून विचारायचं, तिथं नदी कोणती, लोक खातात काय, गावाकडून जायला गाडीला किती तास लागतात.

उत्तरं येऊ लागली. एका चुलत्यानं तर कार्डावर नावेचं चित्र काढून पाठवलं. गुणाकाराचं नाव काढलं की पाटी खाली ठेवणारी पोरं आपणहून विती मोजून किलोमीटर काढू लागली. बाईंची नोकरी सव्वीस वर्षांची झाली होती. नवरा जाऊनही बरीच वर्षं लोटली होती. संध्याकाळी त्या घरी थकूनच जात, पण हल्ली त्या थकव्यावर झोप चांगली लागे.

शालन साळुंखेचं हे पहिलंच उत्तर. कानपूरला बापाच्या नावानं तीन पत्रं घातल्यावर आलेलं. ती उठून उभी राहिली, परकर सारखा केला आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे न अडखळता, खणखणीत आवाजात वाचू लागली.

“चिरंजीव शालन हीस बाळासो शेठ यांचे आशीर्वाद. तुझी पत्रे पोचली. तुझे वडील ज्ञानू हे दोन वर्षांमागे माझे दुकान सोडून गेले. ते आसामात गौहत्तीस असून तिथेच त्यांनी दुसरे बिऱ्हाड केले आहे. गेल्या वर्षी तुझ्या आईस तसे कळविले होते. तरी आता इकडे पत्र घालू नये. अभ्यास करावा.”

तिसऱ्या वाक्यालाच बाई उठल्या होत्या. पण वाचताना मध्ये थांबायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलेलं. शालननं शेवटपर्यंत वाचलं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं.

“बाई,” शालन म्हणाली, “मग खडा कुठं ठिवू?”

राहू दे आहे तिथंच, असं बाई म्हणाल्या. पण ती बाहेर निघालीसुद्धा. पोरं तिच्यामागून गेली. तिनं कानपूरवरचा खडा उचलला, गौहत्ती कुठं ते एका पोराला विचारून घेतलं आणि वाकून विती टाकत गेली. साडेपाच भरल्या. तिनं बोटांवर हिशेब केला, अकराशे किलोमीटर म्हणून मोठ्यानं सांगितलं आणि खडा ठेवला. गुणाकार बरोबर होता. बाईंना बरोबर म्हणावंच लागलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. हेडमास्तर लालासाहेबांनी बाईंना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. आवाज न चढवता ते म्हणाले, लोकांच्या घरातलं चव्हाट्यावर आणायला सरकारनं आपल्याला नेमलेलं नाही. पुढच्या आठवड्यात तपासणी आहे, तेव्हा अंगण साफ करून घ्या आणि पुस्तकातलं शिकवा. बाई वाद घालायला गेल्या नाहीत. शाळा सुटल्यावर त्यांनी स्वतःच फावडं घेऊन माती सारखी केली. एकट्या माणसाला तासभर पुरलं.

मग त्या शालनच्या घरी गेल्या.

तिची आई रंगूबाई नुकती ज्वारीच्या काढणीवरून आली होती. तिनं घोंगडं अंथरलं, चुलीवर चहाचं आधण ठेवलं. शालन पाण्याला गेली होती.  बाई म्हणाल्या, “चूक माझी झाली, रंगूबाई. पत्र मी आधी वाचायला हवं होतं.”

“वाचलं असतं, तर काय केलं असतं तुमी?”

बाईंनी पदरावरची माती झटकली.

रंगूबाईनं जळण पुढं सारलं. मग चुलीकडे बघतच ती सांगत राहिली. गेल्या साली शेठचं पत्र आलं ते तिनं गावात कुणाला दाखवलं नव्हतं. विट्याच्या बाजारात एका अनोळखी माणसाकडून वाचून घेतलं आणि तिथंच फाडलं. तेव्हापासून लेक रोज निजताना विचारायची, आबा कवा येनार. रोज नवं काहीतरी सांगावं लागायचं. सुगी झाल्यावर येतील, दिवाळीला येतील, गाडीचं तिकीट मिळालं नाही.

“लय दमले हुते बगा त्या सांगन्यानं,” ती म्हणाली. “आता ते तरी सपलं. जरा दम धरा, च्या हुईल आता.”

एवढं बोलून तिनं भिंतीला पाठ टेकली. बाई काही म्हणणार तोवर तिचे डोळे मिटले होते. हात मांडीवर तसेच उघडे पडलेले, बोटांना ज्वारीचा कोंडा चिकटलेला. चहा उतू आला. बाईंनी पुढं होऊन पदरानं पातेलं उतरवलं, जाळ मागं ओढला, एका कपात चहा गाळला आणि त्यावर बशी झाकली. विट्याला परतणारी शेवटची एस्टी फाट्यावरून जायची वेळ झाली होती. त्या तशाच बसून राहिल्या.

थोड्या वेळानं शालन घागर घेऊन दारात आली. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पोरीनं आईकडे पाहिलं आणि भरलेली घागर आवाज न करता खाली ठेवली.