खाली दांडीचे स्वर

संचालक नवे होते आणि नव्या माणसाला असते तशी त्यांनाही सुधारणेची भारी हौस होती. "हा स्कोअर आहे की मुंग्यांची रांग?" म्हणत त्यांनी सगळ्या वाद्यांचे स्वर एकत्र लिहिलेले ते कागद टेबलावर आपटले. प्रत्येक वादकाला पाच रेघांची वेगळी पट्टी हवीच कशाला? दोन बासऱ्या एका पट्टीवर, दोन क्लॅरिनेट एका पट्टीवर, अशा जोड्या लावा, म्हणजे स्वर मोठे दिसतील आणि सारखं पान उलटावं लागणार नाही. म्हणणं रास्त होतं. म्हणूनच ठिपक्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ठिपक्या हा वाद्यवृंदाचा लेखनिक. जुन्या रचना आपल्या वादकांना झेपतील अशा बसवायच्या आणि संगणकावर लिहून काढायच्या, हे त्याचं काम. नाव ताईनं ठेवलेलं, दिवसभर ठिपकेच काढतो म्हणून. ताई ही त्याची थोरली बहीण, वाद्यवृंदातली दुसरी क्लॅरिनेटवादक. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, आणि स्वर लिहायलाही शिकवलं. चुकला की पेन्सिलीची टपली बसायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या हाताची बोटं आखडायला लागली. ती कुणाला काही बोलली नाही. पण चहाचा कप दोन्ही हातांनी उचलणारी बहीण भावाला दिसायची ती दिसतेच.

मग त्यानं गुपचूप उद्योग आरंभला. भरभर वाजवायची जागा आली की ताईला विश्रांती. संथ जागा आली की पहिल्या वादकाचीच सुरावट तिलाही. एखादा स्वर निसटला तरी त्याच्या आवाजात खपून जायचा. दोघांच्या पट्ट्या वेगळ्या होत्या तोवर कुणाच्या काही लक्षात यायचं कारणच नव्हतं.

आता जोड्या लावायचा हुकूम मिळाल्यावर सॉफ्टवेअरनं ते काम चुटकीसरशी उरकलं. वेगळे स्वर असतील तिथे पहिल्याच्या ठिपक्यांना दांडी वर, दुसऱ्याच्या ठिपक्यांना खाली. तोच स्वर असेल तिथे पट्टीवर 'दोघे'. एकटाच वाजवत असेल तर '१' किंवा '२'. बासऱ्या छान बसल्या. क्लॅरिनेटच्या पट्टीवर मात्र दोघे, १, दोघे, १, शेवटपर्यंत तेच. खाली दांडीचा एकही स्वर नाही. नुसतं चाळणाराही विचारेल, मग ही दुसरी खुर्ची कशाला?

ठिपक्यानं घाबरून ठिकठिकाणी खाली दांडीचे स्वर पेरले, चांगले भरगच्च. साहेबांना पट्टी भरलेली दिसेल, ताईला तिचा जुनाच पार्ट, म्हणजे फक्त तिच्या स्वरांची प्रत, देऊ. इथेच शहाणपणा नडला. त्या सॉफ्टवेअरमध्ये स्कोअर बदलला की पार्टही आपोआप बदलतो; तसं नको असेल तर आधी दोन्ही वेगळे करावे लागतात. रोज हेच काम करणाऱ्या माणसाच्या नेमकं हेच डोक्यातून गेलं, आणि नवे पार्ट सगळ्यांच्या टॅबलेटवर जाऊन बसले.

तालमीत त्या पेरलेल्या स्वरांची जागा आली. ताईनं टॅबलेटकडे पाहिलं, श्वास घेतला आणि वाजवायला लागली. सुरुवात बरी झाली. मग बोटं अडकली, सूर फाटला, आणि वाद्याच्या कळांची नुसतीच खटखट ऐकू आली. संचालकांनी थांबवलं. "दुसरी क्लॅरिनेट, पुन्हा." पुन्हा तेच झालं. मागे बसलेल्या ठिपक्याला जमीन दुभंगावी असं वाटलं. "बरं," संचालक हळू आवाजात म्हणाले, "ही जागा पहिल्यालाच देऊ." त्या हळू आवाजानं सगळं सांगून टाकलं.

ताईनं त्याला जिन्यापाशी गाठलं.

"ताई, चुकलं माझं. तुझी खुर्ची जाऊ नये म्हणून मी..."

"दोन वर्षं मी तिथे विश्रांती मोजत बसलेय, ठिपक्या. मला कळत नव्हतं होय? खुर्चीत काय, रिकामं पोतंही बसतं."

"रागावलीस?"

"रागावले. पण आजच्यासाठी नाही. आज फजिती झाली ती निदान माझ्या सुरांची झाली." तिनं उजवा हात डाव्या हातात धरून दाबला. "हा कार्यक्रम झाला की मी सोडणार आहे. साहेबांना मीच सांगेन. त्याआधी मला थोडं लिही. लाज झाकायला नको, वाजवायला लिही."

ती जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एक संथ जागा उघडली. पहिल्या वादकाचे स्वर पुसले, तिथे विश्रांती घातली. ताईसाठी लांब, सावकाश स्वर लिहिले, नुसत्या डाव्या हाताच्या बोटांनी निघणारे. जोड्या लावायची आज्ञा दिली तेव्हा पट्टीवर '२' उमटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उमटला होता आणि तिच्यासाठी पुन्हा कधी उमटणार नव्हता. ठिपक्याला रडू आलं. ते आवरल्यावर त्यानं पार्ट ताईला पाठवून दिला. या वेळी स्कोअरपासून तो वेगळा करायची गरज नव्हती.