साहेबांनी तीनदा हात धुतले

मी एक पिवळा कॅन बोलतोय. वीस लिटरचा. शाळेच्या फाटकाशी लाकडी घडवंचीवर मला ठेवलंय, पोटाला नळ बसवलाय आणि डोक्यावर पाटी लावलीय, ‘हात धुवा’. नळ सोडून बघायचे कष्ट घेऊ नका. पाणी नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला आणि पहिल्यांदा माझ्यात खाद्यतेल भरलं गेलं. कालिरोच्या बाजारात एका दुकानदारानं ते मापामापानं विकून संपवलं आणि मला रिकामा करून ओट्यावर मांडलं. एसेझा नावाच्या बाईनं मला उचललं, आत नाक घालून वास घेतला, बुडावर टिचक्या मारल्या, दुकानदाराशी मनसोक्त हुज्जत घातली आणि मला डोक्यावर घेऊन घरी आली. माझं झाकण पहिल्याच महिन्यात हरवलं. तेव्हापासून माझ्या तोंडात कच्चं केळं खोचायचे. त्याचं मला वाईट वाटलं नाही, आमच्या गावात सगळ्याच कॅनची ती तऱ्हा.

एसेझाची थोरली मुलगी नांगोबी. शाळेआधी एक खेप, शाळेनंतर दोन, असं ती मला हापशावर न्यायची. आमच्याकडे हापशावर माणसं रांगेत उभी राहत नाहीत, कॅन उभे राहतात. मुली झाडाखाली बसून गप्पा मारतात, आणि नंबर आला की कुठला कॅन कुणाचा यावरून झिंज्या धरतात. एकदा मला दुसरीच कुणी घेऊन निघाली. त्या दिवशी नांगोबीनं चुलीत खिळा लाल केला आणि माझ्या पोटावर आपलं नाव डागलं. दुखलं. पण खोटं कशाला सांगू, आवडलंही. बाजारात अशी हजार भावंडं आहेत माझी, पण नाव असलेला मी एकटाच.

नांगोबी फेब्रुवारीत सातवीत गेली आणि मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. कुठला तरी आजार आलाय म्हणाले. महिनाभराची गोष्ट आहे म्हणाले. माणसं घाबरलेली होती, मीही समजून घेतलं.

मग महिन्यामागून महिने गेले. सरकारनं सांगितलं, मुलं रेडिओवर शिकतील आणि घरटी एक रेडिओ मिळेल. गावप्रमुख वही घेऊन दोनदा नावं लिहून गेला. रेडिओ आला नाही. मग छापील धडे आले, सगळ्या गावात मिळून अकरा. त्यांच्या झेरॉक्स काढता काढता शाई इतकी फिकी झाली, की नांगोबीच्या हातात पडलेल्या कागदावर हृदयाची आकृती होती की रताळ्याची हे एसेझालाही सांगता येईना. तेवढ्यात बाजार उघडला. बसगाड्या सुरू झाल्या. निवडणुकीच्या सभा सुरू झाल्या आणि त्यात माणसं एकमेकांच्या खांद्यावर बसून नाचली. शाळा मात्र बंदच. आजाराला सभेत येता येत नाही आणि वर्गात मात्र येता येतं, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

शाळा नाही म्हणून मुलं ऊसतोडीला जायला लागली. नांगोबीच्या वर्गातल्या तिघींची पोटं दिसायला लागली. तेव्हा तिची आत्या, कागोया, जिंजाहून आली. मी चुलीजवळच होतो.

“काय वहिनी, पोरीला अजून घरातच ठेवलीयस? ते उसाचे ट्रकवाले बघ कसे हॉर्न वाजवत जातात.”

“दिसतंय मला, वन्सं.”

“माझ्या ओळखीची एक नर्सबाई आहे जिंजाला. दोन लहान मुलं. सांभाळायला मुलगी हवीय तिला. घर चांगलं आहे, भोवती कुंपणाची भिंत आहे.”

“ऑक्टोबरात सातवीचे वर्ग उघडणार म्हणालेत,” नांगोबी मध्येच म्हणाली. “माझी परीक्षा आहे, आत्या.”

“म्हणालेत! रेडिओ देणार असंही म्हणालेत. ऐकू येतोय का कुठे?”

एसेझानं मक्याच्या पिठाचा पोशो ढवळायचं थांबवलं. “शाळा उघडली तर ती परीक्षा देईल. मग पुढचं पुढे.”

“आणि नाही उघडली तर?”

एसेझानं पुन्हा पोशो ढवळायला घेतला. मग म्हणाली, “नाही उघडली तर घेऊन जा.”

नांगोबीनं मला उचललं आणि हापशावर निघाली. पाणी घरात भरलेलं होतं, तरी गेली.

तिची शाळा म्हणजे बालिदावा सरांची शाळा. कंबरेएवढ्या विटांच्या भिंती, वर पत्रा. सरकारी नव्हे, सरांनी स्वतः उभी केलेली. शाळा बंद झाल्यावर सरांनी पोट भरायला वर्गात कोंबड्या पाळल्या होत्या. खेळाचे शिक्षक इसाबिर्ये सर बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चालवायला लागले होते. सातवी उघडायची तर अटींची यादी पाळा असं फर्मान निघालं, तेव्हा सरांनी कोंबड्या विकल्या आणि तीन दिवस फरशी घासली. वास गेला नाही.

यादी दोन पानांची होती. नळाचे नऊ कॅन, ताप मोजायची बंदूक, आजारी मुलासाठी वेगळी खोली, बाकांत अंतर. सरकारनं यादी दिली, यादीतलं काहीही दिलं नाही. तपासायला मात्र माणूस येणार होता.

“आमचा कॅन घ्या सर,” नांगोबी मला घेऊन दारात उभी राहिली. सरांनी पोटाला भोक पाडून नळ बसवला. गावातून आणखी आठ जमले. बंदूक मात्र कुणाच्याच आवाक्यातली नव्हती. म्हणून टेकडीवरच्या शाळेनं आणि चर्चमागच्या शाळेनं बालिदावा सरांशी संगनमत केलं. तिघांनी मिळून एक बंदूक आणायची. तिघांत नऊच कॅन, तेही आमचे. इन्स्पेक्टर एका शाळेतून निघाले की त्यांच्या आधी सामान पुढच्या शाळेत पोचवायचं. पोचवणार इसाबिर्ये सर.

“सर, हे बरोबर आहे का?” इसाबिर्येंनी विचारलं.

“तू मला सांग, यातलं काय बरोबर आहे?” बालिदावा सर म्हणाले.

तपासणीच्या दिवशी आमची वरात सकाळीच टेकडीवर गेली. सातवीच्या मुलींनी खालच्या हापशावरून चढ चढून आम्हाला भरलं. इन्स्पेक्टर कितिम्बोसाहेब आले. थकलेला माणूस. दोन दिवसांत अडतीस शाळा बघायच्या होत्या आणि गाडीत पेट्रोल तेवढ्यापुरतंच होतं. त्यांनी माझाच नळ सोडला, हात धुतले, कागदावर खुणा केल्या, सही केली. मग मुख्याध्यापकांनी त्यांना सोडा प्यायला बसवलं. तेवढ्यात इसाबिर्येंनी आमचं पाणी मातीत ओतलं, नऊ कॅन दोरीनं मागं-पुढं बांधले आणि बोडा उतारावर सोडली. मुलींनी चढवलेलं सगळं पाणी वाहून गेलं, ते मी बघितलं.

चर्चमागच्या शाळेत त्यांची टाकी होती, आम्ही लगेच भरलो. साहेब आले, पुन्हा माझ्याकडेच आले. नळ हाताशी येतो माझा, माझा काय दोष. त्यांनी हात धुतले. माझ्या पोटाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. सही केली.

आमची शाळा रस्त्याच्या शेवटी, म्हणून शेवटी. सातवीची सतरा मुलं अंतर ठेवून ओळीत उभी होती. साहेबांनी नळ सोडला, हात धुतले आणि तसेच ओले हात घेऊन थांबले.

“नांगोबी कोण?”

ओळीतल्या माना वळल्या. मग ती पुढे आली. “मी, साहेब.”

“हा कॅन तुझा?”

“हो, साहेब.”

“बाई गं, सकाळपासून तुझ्या कॅनच्या नळावर मी तिसऱ्यांदा हात धुतोय. माझ्या लग्नातही माझे हात इतके स्वच्छ नव्हते.”

इसाबिर्ये सर हसले. हसायची ती वेळ नव्हती.

“साहेब,” बालिदावा सर म्हणाले, “तीन शाळा आहेत. त्यांना सरकारनं कॅन किती दिले?”

“कॅन द्यायचं काम माझ्याकडे नाही, मास्तर. मोजायचं आहे.”

“मग मोजलेत ना तीनदा?”

“मोजले. पहिल्या दोन कागदांवर सही झालीय, ती खोडली तर मलाच जाब विचारतील. तुमच्या कागदावर अजून झालेली नाही.”

“पण कॅन आमचेच आहेत हो! त्या दोघांना आम्ही उसने दिले.”

“ते मला कळतंय,” साहेब म्हणाले. “म्हणूनच जिवावर आलंय.” त्यांनी फाइल मिटली. “सोमवारी परत येतो. तोवर हे कॅन इथून हलवू नका. जागेवर भरलेले दिसले की सही करतो.”

दुसऱ्याच आठवड्यात टेकडीवरचे आणि चर्चमागचे सातवीचे वर्ग भरायला लागले. तिथं कॅन नव्हते, पण सही होती.

सोमवारी नांगोबी पहाटे उठून नऊच्या नऊ कॅन भरून बसली. साहेब आले नाहीत. गाडीत पेट्रोल नव्हतं म्हणे. पुढच्या सोमवारी पुन्हा भरले. साहेबांना निवडणुकीच्या कामाला जुंपलं होतं म्हणे. तिसऱ्या सोमवारी तिच्याबरोबर भरायला आणखी दोघी होत्या, चौथ्या सोमवारी ती एकटी. कुणालाही हात धुवायचे नव्हते. संध्याकाळी ती ते पाणी झाडांना घालायची आणि मला पुसून ठेवायची. तेव्हा मला प्रथमच वाटलं, आपण गळका असतो तर बरं झालं असतं. कुणी आपल्यावर भरवसा ठेवला नसता.

त्याच आठवड्यात गुरुवारी कागोया आत्या आली. एसेझानं शब्द दिलेला होता. जाताना नांगोबी फाटकाशी आली, सरांना म्हणाली, “सोमवारी साहेब आले तर मला निरोप धाडा.” सरांनी मान हलवली.

पुढच्याच मंगळवारी जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. ज्या शाळांची तपासणी राहिलीय, त्यांनी स्वतःच एक फॉर्म भरून पाठवावा आणि वर्ग सुरू करावेत. सरांनी माझ्यावरच कागद ठेवून तो भरला. केवढा वेळ लागला असेल? भांडंभर चहा उकळतो तेवढा. मग ते बाकावर बसले आणि हुंदके देऊन रडले. इसाबिर्येंनी बोडा काढली, जिंजाला जाऊन आले. नर्सबाई म्हणाली, मी रुग्णालयात जाऊ की पोरं सांभाळू, आता मुलगी सोडता येणार नाही. तिचंही खोटं नव्हतं. परीक्षेच्या दिवशी नांगोबीच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं गेलं.

पुढचं काय सांगू? बंदूक पाळीपाळीनं फिरायची. उन्हातून चालत आलेल्या मुलाला ती ताप दाखवायची आणि सावलीतल्याला इतका थंड आकडा, की पोर जिवंत आहे ना अशी शंका यावी. साबण दोन दिवसांत गेला. हापसा बिघडला, तो दुरुस्त करायची अट कुठल्याच यादीत नव्हती. मुलं सवयीनं माझा कोरडा नळ सोडायची, हात चोळायची आणि आत जायची. मग सरकारनं पुन्हा सगळ्या शाळा बंद केल्या. पहिल्या बंदीआधी पहिलीला सहा आठवडे बसलेली पोरं घरी राहून दुधाचे दात पाडून मोकळी झाली.

शेवटी जानेवारीत शाळा उघडल्या, जवळजवळ दोन वर्षांनी. हुकूम आला, सगळ्या मुलांना वरच्या वर्गात घाला. इसाबिर्ये सर बोडा सोडून शाळेत परतले नाहीत.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी फाटकातून एक मोठी मुलगी आत आली. डोक्याला रुमाल, अंगात कुणाचा तरी उतरलेला फ्रॉक. मी ओळखलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही, सरळ सरांपुढे जाऊन उभी राहिली.

“सर, सगळ्यांना वर चढवलं म्हणतात. मग मी कितवीत?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “सातवीतून पुढे जायला परीक्षा लागते, नांगोबी. तू सातवीतच. उद्यापासून ये, मी तुला बसवतो. एसेझाशी मी बोलतो.”

“आईशी बोलून उपयोग नाही सर. धाकट्या दोघा भावंडांची शाळा माझ्या पगारावर चाललीय. उद्या पहाटेच्या गाडीनं परत जायचंय.” ती जराशी थांबली. “आज बसू?”

ती मागच्या बाकावर बसली. बाकीची मुलं तिच्या खांद्याला लागत होती. भिंती कंबरेएवढ्याच, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. सरांनी फळ्यावर अपूर्णांक घातले. तिनं हात वर केला, उत्तर बरोबर दिलं. दुपारी पोशो आणि घेवडा खाल्ला, शेवटच्या तासापर्यंत एकही ओळ न गाळता उतरवून घेतलं. निघताना वही समोरच्या मुलीला दिली, तिला लागेल म्हणून.

मी आता जुना झालोय, उन्हानं पिवळा रंगही विटलाय. रागवायचं त्राण माझ्यात राहिलेलं नाही. कुणी सरकारात असाल तर एवढंच ऐका. आजार पुन्हा येईल, शाळा पुन्हा बंद कराल, पुन्हा याद्या कराल. करा. पण पुढच्या खेपेला आधी पाणी पाठवा. साहेब मागाहून आले तरी चालतील.