चार भोकांचा समुद्र

दादाला या एका चहापानातून बरंच काही मिळायचं होतं. मोठे साहेब घरी येणार, खूश होऊन त्यांनी एकदा मान डोलावली की वरची खुर्ची दादाची, शिवाय वहिनीला माहेरी मिरवायला विषय. त्यासाठी घालायचं काय, तर बैठकीत एक नवं टेबल. तेही आयजीच्या जिवावर बायजी उदार, कारण टेबलाची फळी धाकट्या बहिणीची होती.

धाकटी ठसेचित्रं करायची. लाकडावर शाई फिरवायची, कागद ठेवायचा, चमच्याच्या पाठीने घासायचा आणि हलकेच उचलायचा. ही फळी तिला ओहोटीच्या चिखलात सापडली होती, मोडक्या होडीची. खाऱ्या पाण्याने लाकडातला मऊ भाग खाऊन टाकला होता, कणखर रेषा तेवढ्या वर राहिल्या होत्या, लाटेमागे लाट. समुद्राने स्वतःचं चित्र स्वतःच कोरून ठेवलेलं. हिने फक्त शाई लावायची. पहिला ठसा पाहून चित्रदालनाच्या बाईंनी तिला प्रदर्शनासाठी अख्खी भिंत देऊ केली. आजवर दुकानदारांची लेबलं छापून पोट भरणाऱ्या धाकटीला भिंत. अट एकच: याच फळीचे ठसे हवेत.

ती कागद आणायला दोन दिवस शहरात गेली आणि दादाने फळीला घासायचं मशीन लावलं. परतली तेव्हा बैठकीत टेबल चकाकत होतं. तिने वरून हात फिरवला. एकही लाट हाताला लागली नाही.

दादाचं म्हणणं, फळीची कुसं हाताला लागायची, त्याने उलट मेहनत घेतली, पॉलिशचे तीन हात दिले. लाकूड काय, दुसरं मिळेल. समुद्र कुठे आटलाय? वहिनी मध्ये पडली, की साहेब जिन्यात आहेत, भांडण नंतर. धाकटी टेबलाशी जाऊन बसली. उतू जाण्याआधी दूधही गप्पच असतं.

साहेब बसले, कप ठेवला, टेबलाची तारीफ केली, लाकूड कुठलं म्हणून विचारलं.

"अहो, अडगळीत पडलं होतं," दादा म्हणाला. "आम्ही सोनं केलं त्याचं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मूठ कुणाला दिसू नये म्हणून तिने हात टेबलाखाली नेला, आणि बोटांना एक खाच लागली. मग किड्यांनी पोखरलेली लांब रेघ. खालची बाजू जशीच्या तशी होती. असणारच. पाहुण्यांना दिसत नाही अशा कुठल्याही गोष्टीला दादाने जन्मात हात लावला नव्हता.

ती उठली. साहेबांचा कप त्यांच्याच हातात दिला, बश्या वहिनीकडे सोपवल्या आणि टेबल उलटं केलं. पॉलिशची बाजू सरळ फरशीवर, खाली फडकंसुद्धा न घालता. कर्रकन आवाज झाला.

"अगं, साहेब बसलेत," दादा म्हणाला.

"बसू देत. पाय तू बसवलेस, तूच काढ. पाना आण."

"वेड लागलंय का तुला?"

"माझी फळी आहे, दादा. माझ्या खोलीतून उचललीस. एक समुद्र पुसलास तेवढा पुरे. पाना."

साहेबांनी कप मांडीवर घेतला, आणि त्या माणसाचं एक मानलं पाहिजे, पाना कुठे असतो असं त्यांनीही दादालाच विचारलं. दादाने त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसून चारही बोल्ट काढले.

खालच्या बाजूच्या ठशांनी भिंत भरली. हा समुद्र आधीच्यासारखा देखणा नव्हता. किडक्या, गंजक्या, दात विचकणाऱ्या पाण्याचा होता. बाईंनी कुरकुरत ठेवून घेतला. प्रत्येक ठशात चार पांढरी भोकं उमटली होती. बघणारे विचारत, हे दिवे का? होड्या का?

"माझ्या भावाने पाडलेली भोकं," ती सांगायची. दादा शेजारी उभा असला तरी.

तर हिशेब असा लागला. साहेबांचं काही गेलं नाही, वर चहा मिळाला. वहिनीला माहेरी सांगायला विषय मिळाला, भलताच. दादाची खुर्ची गेली आणि टेबलही गेलं, पण खुर्च्या पुन्हा रिकाम्या होतात. वरच्या बाजूच्या लाटा मात्र भुसा होऊन केराच्या डब्यात गेल्या होत्या, आणि ती किंमत धाकटीने एकटीने मोजली.